डबीतली पिन

ही गोष्ट दुपारची आहे, हे आधीच सांगून टाकतो. अंधार, सुटलेला वारा, कुत्र्यांचं रडणं यातलं हिच्यात काही नाही. लख्ख ऊन पडलं होतं आणि एक दमलेला मिस्त्री हत्यारांची पिशवी खांद्याला लावून एका बिघडलेल्या मोटरसायकलकडे चालला होता. एवढीच सुरुवात.

मिस्त्री पासष्टीचा. गुडघे कुरकुरायचे, आणि बारीक स्क्रू हल्ली एकाचे दोन दिसायचे. महिनाअखेर गॅरेजचं शटर ओढायचं आणि घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढीच महत्त्वाकांक्षा उरली होती. गेली चार वर्षं तो हे दर महिन्याला ठरवत होता, ही गोष्ट वेगळी.

सकाळी फोन आला तो गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या मुलीचा.

"काका, बाबांची गाडी शेडमधून बाहेर काढलीय. मला नोकरी लागली ना, सोमवारपासून जायचंय. पण नीट चालतच नाही. चालू होते, गुरगुरते आणि मरते."

"चालू होते?" मिस्त्रीनं विचारलं. नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडलेली गाडी. टाकीतल्या पेट्रोलचा एव्हाना डिंक झालेला असणार. ती चालू होईलच कशी?

"होते की. तिसऱ्या किकला."

मिस्त्रीला आठवलं. दोन किक रिकाम्या मारायच्या आणि तिसरी मन लावून मारायची, ही मास्तरांची पद्धत. यावरून तो त्यांची किती थट्टा करायचा.

"आणि मागचा ब्रेक लागत नाही, काका. पाय दाबला की पॅडल सरळ खाली जातं. पण ते नंतर बघू. आधी चालू तर राहू दे."

"येतो," मिस्त्री म्हणाला. फोन ठेवल्यावरही त्याचा हात बराच वेळ फोनवर होता.

आता त्याच्या पिशवीतल्या डबीबद्दल सांगायला हवं. खोकल्याच्या गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी. तिच्यात एकच वस्तू होती, एक पिन. केसांना लावायच्या पिनेसारखी दुमडलेली, बोटाच्या पेराएवढी. मोटरसायकलच्या पायाच्या ब्रेकपासून मागच्या चाकाकडे एक सळई जाते. पॅडल आणि सळई यांना जोडणारी एक खीळ असते, आणि ती खीळ निसटू नये म्हणून तिच्या भोकात ही पिन घालून पिनेचे पाय फाकवायचे असतात. दोन मिनिटांचं काम. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी चार वाजता मास्तर गॅरेजमधून गाडी घेऊन गेले, आणि खाणीजवळच्या उतारावर कठड्याला धडकून जागच्या जागी गेले. खडीवरून घसरले, असं सगळे म्हणाले. त्याच संध्याकाळी मिस्त्रीला गॅरेजच्या फरशीवर ही पिन सापडली. नवी कोरी, सरळ. पाय न फाकवलेली.

म्हणजे लावायची राहिली होती? की पुडीतून एक जादा पडली होती? काम चालू असताना मध्येच कुणीतरी हाक मारली होती, तो उठला होता, एवढं आठवायचं. परत बसल्यावर काय केलं ते काही केल्या आठवेना. मास्तरांच्या शेडमध्ये जाऊन, वाकून एकदा बघितलं असतं तर सोक्षमोक्ष लागला असता. मास्तरांच्या घरी तो गेला, वहिनींसमोर मान खाली घालून बसला, पुढंही वर्षातून दोनदा जात राहिला. शेडकडे मात्र फिरकला नाही. आज नको, पुढच्या वेळी बघू, असं करता करता नऊ वर्षं गेली. माणूस कामानं दमतो हे खरं, पण एखादी गोष्ट न बघण्यानं त्याहून जास्त दमतो.

गाडी अंगणात उभी होती. मुलीनं पुसून चकचकीत केली होती. "सगळीकडे बोटभर धूळ होती, काका," ती म्हणाली, "फक्त किक आणि ब्रेकचं पॅडल तेवढं स्वच्छ. गंमतच ना?"

"रबराला धूळ धरत नाही," मिस्त्री म्हणाला. हे साफ खोटं होतं. रबराला धूळ पहिली धरते.

तो कामाला लागला. ब्रेकच्या उलट्या बाजूला बसला आणि तिकडूनच हात घालत राहिला. टाकीतलं जुनं पेट्रोल बादलीत सोडलं. काढ्याच्या रंगाचं, जुन्या वॉर्निशसारखा वास मारणारं. टाकीत मूठभर नट टाकून, हलवून हलवून आतला गंज सोडवला. कार्ब्युरेटर उघडला तर तळाशी हिरवट खपली. तारेच्या ब्रशची एक तार उपटून त्यानं जेटची, म्हणजे पेट्रोल उतरायच्या बारीक नळीची, भोकं मोकळी केली. एअर फिल्टरमध्ये उंदरानं वह्यांच्या कपट्यांचा संसार थाटला होता. प्लग काळाठिक्कर. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोकही मातीनं बुजलेलं. ते दिसल्यावर मिस्त्रीला जरा हुरूप आला. झाकण श्वास घेईना तर पेट्रोल खाली उतरेल कसं? गाडी गुदमरणारच.

"सापडलं," तो म्हणाला. "घे, मार."

एक किक. दोन. तिसरीला गाडी सुरू झाली. स्टँडवर अगदी शहाण्यासारखी चालू लागली. मुलगी वर बसली, गियर टाकला, आणि गाडी खोकली, धडपडली, मेली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. नुसती उभी असली की छान. कुणी बसून निघू पाहिलं की बंद. मिस्त्रीनं ठिणगीचे पॉइंट घासले, वायरी तपासल्या, क्लचची तार सैल केली. चाळीस वर्षांच्या धंद्यात असा आजार त्यानं पाहिला नव्हता. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी त्यानं हात टेकले आणि पायरीवर बसला.

वहिनी चहा घेऊन आल्या. वाळलेली, शांत बाई. मास्तर गेल्यापासून त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"दमलात, भाऊजी."

"दमलो, वहिनी. तुमची गाडी काही मनावर घेत नाही."

"ह्यांच्या हातूनही होत नाही," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"रोज चारला शेडमधून आवाज येतो. तीन किक... मोजून तीन. मग बंद." त्यांनी पदरानं हात पुसले. "पहिली दोन वर्षं घाबरायचे. आता चहा ठेवायची वेळ कळते त्यावरून."

"उंदीर असतील. फिल्टरमध्ये घर होतं त्यांचं."

"उंदीर किक मारत नाहीत, भाऊजी."

 मिस्त्रीनं कपात बघितलं. चहावर साय धरत होती. तो हलला नाही, कारण हललं तर उठावं लागेल, आणि उठलं तर गाडीच्या त्या बाजूला जावं लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते.

"काका, मी काय म्हणते," मुलगी गाडी फाटकाकडे ढकलत म्हणाली, "खाणीच्या उतारावर नेते. गियरमध्ये टाकून सोडली की वेगात आपोआप धरेल. तुम्हीच सांगायचात ना बाबांना?"

खरं होतं. त्यानंच शिकवलं होतं. तीव्र उतार, खाली कठडा, आणि पायाखालचं पॅडल सरळ जमिनीला टेकणारं. पुढचा ब्रेक गंजून आखडलेला, तोही आजच सोडवलेला. 

"थांब!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की मुलीच्या हातून गाडी कलली. "आण इकडे. स्टँडवर लाव... आणि आतून एक जुनं फडकं आण. आणि गरम पाणी. चांगलं उकळून आण."

पाण्याचं काही काम नव्हतं. तिला आत पाठवायचं होतं. वहिनी कप घेऊन तिच्यामागे गेल्या.

मग तो त्या बाजूला गेला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसला.

सळई पॅडलपासून सुटून लोंबत होती. वाकलेली नाही, मोडलेली नाही, ओरखडासुद्धा नाही. खीळ कधीच गळून गेली होती. दोन्ही भोकं गोल, शाबूत. अपघातात तुटलं असतं तर लोखंड फाटलं असतं. हे तुटलं नव्हतं, निसटलं होतं. गाडी घरी आणणाऱ्यांना वाटलं असेल पडल्यामुळे झालं. मिस्त्रीला नऊ वर्षं जे बघायचं नव्हतं, ते त्याच्या नाकासमोर मंद झुलत होतं.

वारा नव्हता.

"मास्तर..." तो पुटपुटला.  पेट्रोल आणि तेलाच्या वासात एक तिसरा वास येऊन मिसळला, कोरडा, घशात बसणारा. खडूचा. मास्तरांची बोटं बारा महिने खडूनं पांढरी असायची. गाडी न्यायला आले की टाकीवर पाच बोटं उमटायची आणि मिस्त्री म्हणायचा, "मास्तर, गाडीला पण शिकवता का?" मास्तरांच्या वर्गाचा एक नियम सगळ्यांना माहीत होता. चूक खोडायची नाही. उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची. ज्याच्या तोंडून निघणार नाही, त्यानं रोज उभं राहायचं. मारायचे नाहीत, रागवायचे नाहीत. नुसते वाट बघायचे.

मिस्त्रीनं पिशवीतून नवी खीळ काढली. डबी उघडली. नऊ वर्षं जपलेली पिन भोकात घातली आणि पकडीनं तिचे पाय नीट फाकवले, दोन्हीकडे. तीनदा बोट फिरवून बघितलं. पॅडल दाबलं. ब्रेक घट्ट लागला.

मुलगी पाणी घेऊन आली तेव्हा चार वाजले होते. पहिली किक, दुसरी, तिसरी. गाडी सुरू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालू लागली. ती बसली, गियर टाकला, फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. एकदाही अडखळली नाही. ब्रेकच्या सळईचा आणि इंजिनाचा काडीचा संबंध नसतो, हे मी वेगळं सांगायला नको.

"काका, तुमच्या हातात जादू आहे!" मुलगी हसत होती. "काय झालं होतं?"

सांगायची वेळ होती ती. वहिनी दारात उभ्या होत्या. मिस्त्रीनं तोंड उघडलं.

"जेटमध्ये कचरा होता," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि नजर गाडीकडे वळवली. 

गॅरेजमध्ये परत येऊन त्यानं पिशवी खाली ठेवली. जीव भांड्यात पडायला हवा होता. तेवढ्यात पिशवीत काहीतरी वाजलं, हलकंच, पत्र्यावर. तीनदा.

डबीत एक पिन होती. नवी, सरळ. पाय न फाकवलेली.

तो तसाच उलट पावली मास्तरांच्या घरी गेला. धापा टाकत गाडीच्या बाजूला बसला. पिन जागच्या जागी होती, त्यानंच फाकवलेली. "जरा बघायला आलो," तो मुलीला म्हणाला. दुसऱ्या दिवशी चारला डबी पुन्हा तीनदा वाजली. आत दोन पिना. तिसऱ्या दिवशी तीन. एकदा त्यानं सगळ्या उचलून गटारात टाकल्या. दुसऱ्या दिवशी चारनंतर डबी उघडली, तर सगळ्या होत्या, वर एक जादा. बोटांना पांढरी भुकटी लागली.

मुलगी आता रोज कामाला जाते. उतारावरूनच जाते. म्हणून मिस्त्रीला रोज जावं लागतं. डबीतली पिन त्या गाडीतली तर नाही ना, हे बघितल्याशिवाय त्याला घास जात नाही. ती घरी आली की तो येतो, वाकतो, बोट फिरवतो, उठतो. आज सांगू, असं ठरवून येतो. वहिनी चहा देतात. तो पितो, हवापाण्याचं बोलतो आणि निघतो. महिनाअखेर आली आणि गेली. गॅरेज काही बंद झालं नाही.

परवा तो फाटकाकडे वळला तेव्हा वहिनी मागोमाग आल्या. शेडमधला आवाज त्या दिवसापासून थांबलाय, असं त्यांनी सांगितलं. घर कसं ओकंओकं वाटतं म्हणाल्या. मिस्त्रीनं मान हलवली. डबी खिशात होती, बोटांनी त्यानं ती घट्ट दाबून धरली होती. तिच्याबद्दल तो जन्मात कुणाशी एक अक्षर बोलला नव्हता.

"भाऊजी," वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "हे विचारत होते..."

"काय?"

"डबी भरली की पुढच्या पिना कुठे ठेवणार आहात?"