कलाबाईची जागा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या बंडोमामाची आहे, आणि थापा मारायला जेवढा उत्साह लागतो तेवढा त्या माणसात कधीच नव्हता.

साल १९५३. कमठाण्याजवळचं एक खेडं. गुरुवार, दिवेलागणीची वेळ.

बीदरला मामा आणि त्याचे भागीदार नरहरराव यांचं घरं-देवळं आखून देण्याचं ऑफिस होतं. खोली एक, टेबल एक आणि कामानं वाकलेले दोघं जण. देवळाचं काम आलं की ते आधी कागदाला हात लावत नसत. जमिनीवर चुन्यानं मंडप आखायचे आणि गावाला म्हणायचे, "यात उभं राहून आरती करा." कोण कुठं उभं राहतं ते पाहायचे, मग खांब ठरवायचे.

या गावाला दत्ताच्या देवळापुढं मंडप हवा होता.

लोक चुन्याच्या रेघांत दाटीवाटीनं उभे राहिले.

एकच जागा रिकामी राहिली... नेमकी मधल्या खांबाची.

"इथं कोण?" मामानं विचारलं.

शेजारी उभी असलेली म्हातारी सोजराबाई म्हणाली, "माझी कलाबाई. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या भ्यानं पळापळ झाली, तवा चुकली. वाट बघायलेय मी. इथं खांब घातला तर लेकीनं कुठं उभारावं, अण्णा?"

पाच वर्षं होत आली होती. मामाला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. खांब हलवला तर तुळईला आधार राहत नव्हता.

"बघू, अक्का," तो म्हणाला. दमलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

खांबासाठी खड्डा खणला.

सकाळी तो बुजलेला होता.

वर चुना पसरलेला... आणि चुन्यात अनवाणी पावलं. देवाकडं तोंड केलेली.

येतानाची पावलं नव्हती. जातानाचीही नव्हती.

पुन्हा खणला. पुन्हा बुजला. नरहरराव बीदरला निघून गेले.

पुढच्या गुरुवारी लोक परत रेघांत उभे राहिले. आरती सुरू झाली. सगळ्यांच्या टाळ्या एका ठेक्यात.

आणि एक टाळी... जरा उशिरा.

रिकाम्या जागेतून.

आरती तिथंच थांबली. मामा सांगायचा, "मला भीती वाटली नाही रे, सुटल्यासारखं वाटलं. एकदाचं ठरलं." तो सरळ सोजराबाईला म्हणाला, "आली बघा अक्का, तुमची कलाबाई. इथं खांब न्हाई घालत."

सोजराबाईचे हात थांबले.

ती त्या जागेकडं बघत राहिली. तिथं कुणीच नव्हतं. टाळी चालूच होती...

"अण्णा," ती म्हणाली, "म्या जित्या लेकीची जागा राखली व्हती."

पदर आवरून ती निघाली. जाता जाता म्हणाली, "आता घाला खांब."

या वेळी खड्डा बुजला नाही. खांब उभा राहिला, मंडप झाला. सोजराबाई त्यात कधीच आली नाही.

टाळी मात्र येते... गुरुवारी, खांबाआडून. मी स्वतः ऐकलीय.

मामानं पुन्हा देवळाचं काम घेतलं नाही. म्हातारपणी जेवता जेवता थांबायचा आणि विचारायचा, "त्या खांबाआडून देव दिसत असंल का रे?"

मी तिथं उभा राहून पाहिलंय.

दिसत नाही.