मंगळवारी येतो

माझा भाऊ खोटं बोलत नाही. फार सज्जन आहे म्हणून नव्हे. खोटं बोलायला जी थोडी कल्पनाशक्ती लागते, ती त्याच्याकडे औषधालाही नाही. तो पंपांचा इंजिनीअर आहे.

शिवाय भूत हा शब्द आमच्या घरात चालत नाही. लहानपणी मी एकदा चिंचेवरच्या हडळीचं नाव काढलं, तर वडिलांनी बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं करून तासभर समजावलं होतं. तेव्हा शेजारी उभा राहून हसणारा तो हाच, माझा स्वप्निलदादा.

त्याने हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं की उठून जातो.

तारीख ३० ऑगस्ट २०१६. वार मंगळवार. जागा ओमान, सुवैकच्या अलीकडची एक शेतवस्ती, समुद्रापासून तीन किलोमीटर आत.

आणि वेळ... रात्रीची नाही. भर दुपारचे साडेतीन.

दादा मस्कतजवळ अल हैलला राहतो, तृप्तीवहिनी आणि लेकीसोबत. तिथून शेतांवर जाऊन विहिरींचे पंप बघायचे, पाण्याचा खारेपणा मोजायचा, हे त्याचं काम. त्या वस्तीतल्या एका शेतावर यानेके नावाची बाई एकटीच राहायची. मूळची हॉलंडची. सलीम नावाचा ओमानी मुलगा तिकडे शेतकी शिकायला गेला होता. त्याच्याशी लग्न करून ती १९८१ साली इथे आली आणि इथलीच झाली. अरबी शिकली, लिंबाची बाग लावली, एक मुलगी वाढवली. मुलगी मोठी होऊन हॉलंडला गेली. सलीम २००९ मध्ये वारला. बाई राहिली.

दादा पहिल्यांदा गेला तेव्हा गंमतच झाली. त्याने दार वाजवलं. आतून आवाज आला, "या... या, या."

ओमानमधल्या शेतात कोण मराठी बाई म्हणून दादा खूश! त्याने बूट काढले आणि सरळ आत गेला. स्वयंपाकघरात एक उंच, पांढऱ्या केसांची गोरी बाई फोनवर लेकीशी बोलत होती. मोज्यांवर उभा असलेला अनोळखी माणूस बघून तिच्या हातातला फोन पडायचा राहिला.

"मॅडम, तुम्हीच बोलावलंत ना?" दादाने इंग्रजीत विचारलं.

डच भाषेत 'या' म्हणजे 'हो'. ती बिचारी लेकीला हो हो म्हणत होती.

त्या दिवशी बाई इतकी हसली की तिने दादाला कॉफीला बसवून घेतलं. पत्र्याचा डबा उघडला, एक बिस्कीट काढून त्याच्यापुढे ठेवलं, आणि झाकण लावलं.

टक्.

एकच बिस्कीट! दादाने घरी येऊन वहिनीला हेच आधी सांगितलं. "पाहुण्याला एक बिस्कीट देऊन डबा बंद करतात गं ते लोक." वहिनी म्हणाली, "मग तू काय पंक्तीला गेला होतास का?"

पण निघताना त्याने सवयीने "येतो" म्हटलं, आणि तिथे सगळ्याला सुरुवात झाली.

बाईने अर्थ विचारला. दादाने सांगितलं की आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणायचं. बाईला ते फार आवडलं. तिने लगेच डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "केव्हा?"

आता 'येतो'ला कोणी तारीख विचारतं का? दादा गडबडला. म्हणाला, "मंगळवारी."

तिने लिहून घेतलं.

मग तो खरंच मंगळवारी गेला. काय करणार? त्यानंतर तीन वर्षं, महिन्यातून एखादा मंगळवार तिचा. चार वाजता कॉफी. दार वाजलं की ती आतून मुद्दाम मराठीतलं "या!" म्हणायची. पुढे पुढे तर दादा आल्यावर बिस्किटांचा डबा उघडाच राहायला लागला. ते किती मोठं होतं, हे दादाला तेव्हा कळलं नाही. आम्हाला माणसाची किंमत तो असेपर्यंत कळते कुठे?

२०१६च्या उन्हाळ्यात लिंबं पिवळी पडून वाळायला लागली. त्या किनाऱ्यावर गोडं पाणी उपसलं की जमिनीखालून समुद्र आत सरकतो. बाई म्हणायची, "माझ्या देशात आम्ही समुद्राला बांध घालून अडवतो, स्वप्निल. इथे तो खालून आला. खाली कोण बांध घालणार?"

तिकडून मुलीने सांगितलं होतं, विहीर गेली तर बाग विसर आणि माझ्याकडे ये. बाईने ठरवलं होतं की निर्णय दादाच्या आकड्यावर. पाणी टिकणार असेल तर राहायचं. नसेल तर सलीमची बाग आणि सलीमची कबर सोडून पस्तीस वर्षांनी परत जायचं.

२६ जुलैला दादाने विहिरीचं पाणी मोजलं.

आकडा बघितला. पुन्हा मोजलं.

विहीर संपली होती.

बाई टेबलापाशी बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. दादाच्याने बोलवेना. तो म्हणाला, "ऑफिसात नीट तपासून सांगतो." आणि उठला. खारेपणा मोजायचं मीटरसुद्धा तिथेच विसरला.

"येतो," म्हणाला.

"केव्हा?"

"पुढच्या मंगळवारी."

तिने लिहून घेतलं.

पुढच्या मंगळवारी ऑफिसात कोणाला काढणार याची मीटिंग होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी लेकीला ताप होता. तिसऱ्या मंगळवारी... काहीच नव्हतं. दादा अल हैलला घरी सोफ्यावर बसून होता. त्याची हिंमत झाली नाही. बाईचा फोन आला नाही. वेळ ठरलेली असताना फोन कशाला करायचा, असं तिचं असायचं.

२८ ऑगस्टला सलीमच्या पुतण्याचा फोन आला. पंप बंद करायचाय, येऊन काढून न्या.

"का? मॅडम कुठे आहेत?"

मॅडम गेल्या होत्या. सोळा तारखेला. मंगळवारीच. खुर्चीत बसल्या बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावरच्या रमणला दिसल्या. सलीमच्या शेजारी दफनही झालं होतं.

दादा तीस तारखेला गेला. सव्वा तासाच्या रस्त्यात त्याने रेडिओ लावला नाही.

शेतात पोचला तेव्हा उन्हाने डोळे उघडवत नव्हते. लिंबाची झाडं काड्या होऊन उभी होती. एरवी त्या अंगणात होले घुमत असायचे. त्या दिवशी एकही नव्हता. ठिबकच्या नळ्यांतून थेंब पडायचा आवाज असायचा... तोही नाही.

रमण लांब विहिरीवर पंपाचे बोल्ट सोडवत होता. त्याला हाक मारून दादा घराकडे आला. मीटर घ्यायचं होतं.

दारापाशी आला आणि सवयीने, अगदी नुसत्या सवयीने, त्याने दार वाजवलं.

टकटक.

आणि आतून आवाज आला...

"या."

दादाने बूट काढले. डावा, मग उजवा. दाराची मूठ फिरवली.

दार बंद होतं. बाहेरून कुलूप होतं.

तेव्हा त्याला आठवलं, की ती गेलीय.

पाय तापलेल्या फरशीवर भाजत होते, पण हलवेना. मग आतून आणखी एक आवाज आला. पत्र्याचं झाकण उघडल्याचा.

ते परत लागेल म्हणून तो वाट बघत उभा राहिला...

लागलं नाही.

रमण किल्ली घेऊन आला. केरळचा माणूस, वीस वर्षं त्याच शेतावर. "साब, बूट क्यों निकाला?" त्याने विचारलं.

कुलूप उघडलं. आत दोन आठवड्यांची कोंडलेली गरम हवा होती. वीज तोडलेली. सगळ्यावर धुळीचा थर.

टेबलावर दोन कप होते.

रमण दारातच थांबला. "साब... मैं ये दोनों कप धोके अलमारी में रखा था. अपने हाथ से."

"पुतण्याने काढले असतील."

"चाबी मेरे पास है, साब." मग हळूच म्हणाला, "मदाम हर मंगल को दो कप निकालता था. आप नहीं आया, तो भी निकालता था."

बिस्किटांचा डबा टेबलाच्या मधोमध होता. उघडा. दादाच्या खुर्चीसमोरचा कप स्वच्छ, रिकामा.

तिच्या कपात तळाला काहीतरी पांढरं होतं. दादाने बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.

कोणीतरी विहिरीचं पाणी कपात ओतून सुकू दिलं होतं. शेजारी तिची डायरी होती. जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या पानावर तिने त्या कपाचं छोटं चित्र काढलं होतं. खाली इंग्रजीत एवढंच, की मीठ राहिलं.

म्हणजे तिला माहीत होतं. दादाने मोजून तोंड लपवलं, त्याच आठवड्यात तिने स्वतः बघून घेतलं होतं. आकड्यासाठी ती थांबलीच नव्हती. ती माणसासाठी थांबली होती. पुढच्या पानांवर प्रत्येक मंगळवारी एकच शब्द, डच अक्षरांत लिहिलेला मराठी शब्द.

येतो.

येतो.

येतो.

तिन्हींवर एकेक आडवी रेघ.

दादाने पान उलटलं. २३ ऑगस्ट, ती गेल्यानंतरचा मंगळवार. तिथेही लिहिलं होतं. आधीच लिहून ठेवलं असेल, माणूस लिहितो पुढचं.

पण त्यावरही रेघ होती.

३० ऑगस्टलाही 'येतो' होतं. त्यावर रेघ नव्हती.

आमचा दादा वडील वारले तेव्हा सगळ्यांना सांभाळत होता, रडला नव्हता. तिथे तो टेबलापाशी बसला आणि रडला. मग त्या रिकाम्या खुर्चीला त्याने इंग्रजीत सांगितलं, जे पाच आठवड्यांपूर्वी सांगायचं होतं. "विहीर गेली, यानेके. पाणी खारं झालंय. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही लेकीकडे जा."

रमण दारात. बाहेर शुकशुकाट.

आणि मग अगदी जवळून... हळू... थकलेल्या आवाजात...

"या."

"साब, आप कुछ बोला?" रमणने विचारलं.

दादाने मीटर उचललं आणि उठला. उंबऱ्यापाशी त्याची जीभ अडकली. येतो म्हणावं, तर ती लिहून ठेवेल. मग प्रत्येक मंगळवारी दोन कप. आयुष्यात पहिल्यांदा तो घराकडे वळून म्हणाला, "जातो, मॅडम."

आतून काहीच आलं नाही.

डायरी दादाने बाईच्या लेकीला पाठवून दिली. त्या शेतावर आता कोणी राहत नाही. रमणही गावी परतला.

दादाला तेव्हापासून एकच गोष्ट छळते. तो शेवटचा शब्द डच होता की मराठी? ती 'हो' म्हणाली असेल, तर तिने ऐकलं, मान्य केलं आणि ती सुटली. पण ती मराठीतलं 'या' म्हणाली असेल तर...

गेल्या मेमध्ये तो पुण्यात माझ्याकडे आला होता. बेल वाजली. माझे हात कणकेत होते. मी आतूनच ओरडले, "या, या, दार उघडंच आहे!"

कोणीच आत आलं नाही.

बाहेर जाऊन बघितलं तर दादा जिन्यात उभा होता, बूट घातलेला, भिंतीला टेकून. मी दिसले तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

परत जाताना तो नुसताच वळला आणि जिना उतरायला लागला. मला कसंतरी झालं. मी म्हटलं, "दादा, असं मुकाट्याने जाऊ नये. येतो म्हण."

तो खालच्या पायरीवर थांबला. वर बघितलं नाही.

"नको, प्रणाली," म्हणाला. "कोणीतरी लिहून ठेवतं."