खोट काढणारी

पाऊस थांबला, असं ऑर्नेलाला वाटलं.

ॲडलेडच्या मुख्य रस्त्यावर जुन्या महागड्या गाड्या विकणाऱ्याचं एक मोठं आवार होतं. तिथं एका लालभडक स्पोर्ट्स गाडीच्या पोटाखाली ती उताणी पडली होती. गुडघ्यापासून पुढचे पाय तेवढे बाहेर, आणि जुलैचा, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्याचा, गारठलेला पाऊस त्या पायांवर बराच वेळ टपटपत होता. मग एकाएकी टपटप बंद झाली. पण शेजारच्या पत्र्यावर तर अजून ताशा वाजतच होता...

ती सरपटत बाहेर आली. एक उंच, उन्हानं रापलेला माणूस तिच्या पायांवर छत्री धरून उभा होता. त्याचे स्वतःचे दोन्ही खांदे चिंब झाले होते.

“तुमचे बूट भिजत होते,” तो म्हणाला.

“बूट भिजायलाच असतात.”

“खरंय. पण दुसऱ्याचे भिजताना बघवत नाही.” त्यानं गाडीकडं मान वळवली. “तुमची का?”

“छे! एका गिऱ्हाइकाला घ्यायचीय. घेण्याआधी तो मला पाठवतो. मी खोट काढते.”

“सासूसारखी?”

“सासू फुकट काढते. मी पैसे घेते.”

तो मोठ्यानं हसला, आणि त्या हसण्यात छत्री कलून सगळं पाणी ऑर्नेलाच्या मानेवर आलं. त्याचा चेहरा असा पडला, की तिलाच हसू फुटलं.

“मीही हीच बघायला आलो होतो,” तो ओशाळून म्हणाला. “कशी आहे?”

“ते मी त्या गिऱ्हाइकालाच सांगणार. धंद्याचा नियम आहे.” ऑर्नेलानं हात पुसले, मग हळूच त्याच्या छत्रीकडं बघितलं. “पण... छत्री मात्र तुमची चांगली आहे. काही काही गाड्यांपेक्षा जास्त टिकेल.”

त्याला कळलं. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. त्यानं तिचा नंबर मागितला... अर्थात गाड्या तपासण्यासाठी!

त्याचं नाव हेमिश ट्रेलोर. ‘कॉफिन बे’ या गावच्या खाडीत त्याची कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती होती. थोरल्या भावाबरोबर वीस वर्षांचा असल्यापासून कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तो टोपल्या हलवत आला होता. लागोपाठ दोन हंगाम चांगले गेले, तेव्हा भावानं नवी बोट घ्यायची म्हटली, आणि हेमिशनं पहिल्यांदाच आयुष्यात नाही म्हटलं. त्याला गाडी हवी होती. जुनी चालेल, पण खरीखुरी, जमिनीला चिकटून पळणारी, दोन दारांची.

“भाऊ म्हणतो, मला वेड लागलंय,” पहिल्याच शनिवारी त्यानं सांगितलं.

“लागलंय ना?”

“थोडं.”

दर शनिवारी सकाळच्या छोट्या विमानानं तो गावाजवळच्या पोर्ट लिंकनहून यायचा. ऑर्नेला त्याला विमानतळावर आपल्या व्हॅनमध्ये घ्यायची आणि दोघं गाडी बघायला निघायचे. कधी एखादा दलाल, कधी घरगुती विकणारा. ग्लेनेल्गच्या एका माणसाची चंदेरी गाडी तिनं तिथल्या तिथं बाद केली. समुद्रकाठी उघड्यावर राहून तिचं पोट खाऱ्या हवेनं खाल्लं होतं, आणि वरून झकास रंगवून ठेवली होती. दुसरीच्या बॉनेटवर हात ठेवताच तिनं मान हलवली. इंजिन कोमट! “आम्ही येण्याआधी हिला चालवून आणलीय. थंड असताना ही रडत असणार. उद्या सकाळी मी न सांगता येऊन बघते,” ती कुजबुजली. तिचा श्वास कानाला लागला तसा हेमिश एकदम ताठ झाला. ते तिनं पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

तिसरी गाडी मात्र चांगली होती. ऑर्नेलानं तसं सांगितलंही.

“हॉर्न बरा नाही,” हेमिश म्हणाला.

“हॉर्न?”

“बकरी ओरडल्यासारखा वाजतो.”

चौथीही चांगली होती. ती त्यानं का सोडली? तर म्हणे मालकाच्या कुत्र्यानं त्याच्याकडं संशयानं बघितलं.

“तुम्हाला गाडी घ्यायचीय, की कुत्रा?” बेकरीबाहेरच्या बाकावर खिम्याची गरम पेस्टी फुंकत तिनं विचारलं.

“घाई काय आहे? बारा वर्षं रबरी बूट घालून काढली, अजून चार शनिवार काढू. आणि तू...” तो अडखळला. “तुम्ही...”

“तू चालेल,” ती पेस्टीकडं बघत म्हणाली.

घरी आई, मारिसा, डोळे बारीक करून बघत राहायची. बाप गेल्यापासून दोघी मायलेकीच कॅम्पबेलटाऊनच्या घरात राहत होत्या. “शनिवारी गाड्यांखाली लोळायला जातेस ना? मग कानात डूल कशाला?” ती इटालियन पद्धतीनं दोन्ही हात हवेत उडवायची.

“आई, गप्प बस गं.”

“मी गप्पच आहे. डूल बोलतायत.”

रविवार ते शुक्रवार ऑर्नेला दुसऱ्यांच्या गाड्या तपासायची. इंजिन ऐकता ऐकता तिला वाटायचं, आत्ता तिकडं खाडीत भरती असेल का? पाणी त्याच्या छातीपर्यंत येत असेल का? थंडी वाजत असेल का? मग ती स्वतःवरच चिडायची. गिऱ्हाईक आहे तो! गाडी मिळाली की जाईल.

आणि ऑगस्टच्या शेवटी ती गाडी मिळाली.

डोंगरात, स्टर्लिंगला, निवृत्त दंतवैद्य मिसेस लिडिकोट यांच्या घरी. गडद निळी, जर्मन बनावटीची, पहिल्या दिवसापासून एकाच हातातली. बाईंचे गुडघे आता साथ देत नव्हते. “खाली बसता येतं हो,” त्या म्हणाल्या, “पण वर काढायला दोन माणसं लागतात. दुकानासमोर शोभा होते.”

ऑर्नेला आत वाकली, खाली सरपटली, बोटांनी फटी चाचपल्या, गालिचा उचलून ओल आहे का ते हुंगलं. पत्र्याखालचा मूळ रंग बघितला. काही नाही. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आज कुठं काही सापडावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि हे असं तिच्या धंद्यात आजवर झालं नव्हतं. इंजिनाखाली एका सांध्यावर तेलाचा पुसटसा ओलावा दिसला. या वयाच्या गाडीला तो असायचाच. पण तोंड वाकडं करून तिनं नुसतं ‘हं...’ केलं असतं, तरी पुढचा शनिवार तिचा होता. नुसतं एक ‘हं’!

वर व्हरांड्यात मिसेस लिडिकोट हेमिशला चहा देत होत्या. “गोड आहे हो तुमची मैत्रीण. लग्न कधी?”

कपबशी खणखणली. हेमिशचं उत्तर काही ऐकू आलं नाही.

ऑर्नेला बाहेर आली. केसांत पानांचा चुरा होता. हेमिश पायऱ्या उतरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “सापडलं काही?” त्यानं अगदी हळू विचारलं.

“काहीच नाही.”

“नीट बघितलंस? अगदी... काहीच नाही?”

“घे,” ती म्हणाली. “याहून चांगली तुला मिळणार नाही.”

तो तिच्याकडं बघत राहिला, काहीतरी अजून यायचं राहिलंय अशा नजरेनं. ती हत्यारं गोळा करायला वळली. पाठीमागून त्याचा आवाज आला, “बरं. तू म्हणतेस तर घेतो.”

व्यवहार झाल्यावर त्यानं दार उघडून धरलं. “एक चक्कर मारू या? खालच्या वळणापर्यंत?”

“मला दुसरं काम आहे,” ती म्हणाली. तिला काही काम नव्हतं. पण त्या गाडीत एकदा बसली असती, तर उतरवलं नसतं तिच्यानं.

निळी गाडी निलगिरीच्या झाडांतून वळणं घेत खाली गेली. ऑर्नेलाचा कान तयार होता. डोंगराच्या दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत तिला तो आवाज वेगळा काढता येत होता. मग नुसते पोपट ओरडत राहिले.

सप्टेंबर आला. बदामाच्या झाडांना पानं फुटली. पहिल्या शनिवारी ती सवयीनं लवकर उठली, आंघोळ केली, आणि ओले केस घेऊन पलंगाच्या काठावर बसून राहिली. फोनवर त्याचा एकच निरोप आला होता, ‘सुखरूप पोचलो. गाडी छान.’ तिनं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी नुसतं ‘छान’ पाठवलं. त्यावर तो काय बोलणार? छानला छान! विमानतळाच्या रस्त्यानं जायचं ती टाळू लागली. रस्त्यात कुठं गडद निळं काही दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर जायचा, आणि ती कुणातरी काकांची साधी गाडी निघायची.

मारिसानं डुलांबद्दल बोलणं सोडून दिलं. एकदा जेवताना तिनं फक्त पास्त्याचं ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, “पोरी, दुसऱ्यांच्या गाड्यांचं सगळं खरं सांगतेस. स्वतःचं कधी सांगणार?”

ऑक्टोबरमध्ये वॉरन नावाच्या एका माणसाचा फोन आला.

“मॅडम, कॉफिन बेला एक जर्मन गाडी विकायला आहे. निळी, दोन दारांची. तुम्ही तपासून द्याल का? तसं लांब पडतं, म्हणून मी तिथलाच कुणी बघणार होतो, पण मालक भलताच विचित्र आहे हो! त्यानं जाहिरातीतच लिहिलंय, तपासणी ऑर्नेला फुस्को यांनीच केली पाहिजे, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तुमचा काही नातेवाईक आहे का?”

ऑर्नेला खुर्चीत बसली. “नाही,” ती म्हणाली. “कधी जाऊ?”

विमानात ती रागानं धुमसत होती. विकायला काढली! मन घट्ट करून जी गाडी तिनं खरी ठरवली, ती दोन महिन्यांत विकायला काढली. कॉफिन बेच्या रस्त्यात शहामृगासारखा एक एमू ठाण मांडून उभा होता. भाड्याच्या गाडीचा हॉर्न वाजवून वाजवून ती थकली, तेव्हा कुठं तो सावकाश, उपकार केल्यासारखा बाजूला झाला.

हेमिश घरासमोर उभा होता. नुकताच बोटीवरून आलेला, छातीपर्यंत रबरी पोशाख, केसांत मीठ. तो रोड झाल्यासारखा दिसत होता. “ऑर्नेला...”

“मी कामाला आलेय,” ती म्हणाली. “किल्ली.”

त्यानं मुकाट्यानं किल्ली दिली. तिनं सतरंजी अंथरली आणि गाडीखाली गेली. तो तिच्या पायांशी उभा. कितीतरी वेळ नुसता हत्यारांचा आवाज, आणि खाडीवरून येणारा वारा.

“हेमिश.” गाडीखालून आवाज आला. “इथली माती पांढरी आहे ना? सगळी चुनखडी?”

“हो.”

“मग हा चाकांच्या आतल्या बाजूला तांबडा धुरळा कुठला?”

तो बुटाच्या टोकानं माती उकरू लागला.

“हा ॲडलेडच्या वाटेवरचा, पोर्ट ऑगस्टाच्या पलीकडचा आहे. थरावर थर बसलेत. नवे, जुने. एकदाच नाही, पुष्कळदा गेलायस तू.” ती बाहेर आली आणि तिथंच, जमिनीवर बसून त्याच्याकडं वर बघू लागली. “कुठं जात होतास?”

हेमिशनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “शनिवारी... निघायचो. पहिल्यांदा अर्ध्यातून परत आलो. मग जरा पुढं गेलो. मागच्या खेपेला तुमच्या गल्लीत पोचलो होतो. तुझी आई टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत होती. माझ्याकडं बघून तिनं हातही केला बहुतेक. मी गाडी वळवली आणि सात तास चालवत परत आलो.”

“का?”

“काय सांगणार होतो? तू किती सहज म्हणालीस, घे! मला वाटलं, हिला कंटाळा आला. बकरी, कुत्रा... सगळं तुला कळत होतं ना?”

“मला वाटायचं, कळतंय. मग तू घेतलीस, तेव्हा वाटलं, काहीच नव्हतं.” तिनं हातातलं फडकं खाली आपटलं. “अरे वेड्या, मी दोनदा तपासली होती ती! काहीतरी निघावं म्हणून. काही निघालं नाही, तर मी काय करू? खोटं बोलू?”

तो तिच्यासमोर खाली बसला. रबरी पोशाख करकरला. त्याच्या हाताला समुद्राचा वास होता, आणि बोटं कालवांच्या कडांनी कापलेली. ती बोटं तिच्या कानाजवळ आली, डुलाला हलकीच लागली, आणि थबकली...

तेवढ्यात फोन वाजला. वॉरन.

“हॅलो मॅडम! कशी आहे हो?”

ऑर्नेलानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच तिनं त्याचा हात आपल्या गालावर दाबून धरला. “गाडी उत्तम आहे,” ती म्हणाली. “एकही खोट नाही.”

“अरे वा! मग घेऊ ना?”

“नका घेऊ.”

“का बरं?”

“मालकाला ती विकायची नाहीये. माफ करा वॉरन, तपासणीचे पैसे मी परत करते.”

मग वॉरन म्हणाला, “तरी मी म्हणत होतो, जाहिरात जरा विचित्रच आहे,” आणि हसत हसत त्यानं फोन ठेवला.

भरती चढत होती. बोटी दोऱ्यांना ओढ देत डुलत होत्या. संध्याकाळच्या विमानाला अजून अवकाश होता, पण ते येणार होतं, आणि रविवार ते शुक्रवारही येणार होते. दोघांनाही ते ठाऊक होतं. त्यामुळंच की काय, कुणी हात सोडला नाही.

“गिऱ्हाईक तर घालवलंस माझं,” हेमिश म्हणाला. “आता पुढच्या शनिवारी दुसरं कुणी आलं तर?”

“तर तपासायला मलाच यावं लागेल.”

“आणि...” तो थांबला. “आणि कुणी आलंच नाही तर?”

ऑर्नेलानं त्याच्या केसांतलं मीठ बोटानं झटकलं.

“तरी येईन,” ती म्हणाली.