काचा खाली करून

"हे दार उघडून काहून नाही राहिलं बाप्पा!"

भार्गवी स्वतःशीच पुटपुटली होती. पण मागून कुणीतरी खळखळून हसलं.

दोन हजार वीसचा एप्रिल. डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या एका कम्युनिटी हॉलचं मागचं आवार, पडतोय की नुसताच हवेत तरंगतोय हे न कळणारा भुरभुर पाऊस, आणि समोर एक उंच, पांढरी, आडमुठी व्हॅन. तिच्या मागच्या दाराशी भार्गवीची झटापट चालली होती. तिनं वळून पाहिलं. हातात जेवणाच्या डब्यांचा क्रेट घेतलेला एक मुलगा उभा होता. निळ्या मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते... आणि ते अजून हसतच होते.

"नागपूर?" त्यानं विचारलं.

"हो. तुम्ही?"

"सांगली. प्रताप." त्यानं क्रेट खाली ठेवला. "आधी उजवं दार उघडतं, मग डावं. डावं उजव्याखाली अडकलेलं असतं. ओढाओढी करून उपयोग नाही. जरा धीर धरला की येतं आपोआप."

"हे व्हॅनबद्दलच चाललंय ना?"

"सध्या तरी," तो म्हणाला.

मास्कच्या आत भार्गवीला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी.

सँडीफोर्डमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर होती. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. ऑफिस बंद झालं आणि तिचं सगळं जग एका खोलीच्या फ्लॅटमध्ये येऊन बसलं. बोलायला माणूस नाही. सकाळी चहाची किटली उकळायला लागली की तीच काय ती गप्पा मारायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना सरकारनं घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं, आणि हा हॉल त्यांना गरम जेवण पोचवत होता. व्हॅन चालवायला माणसं हवीत, असं तिला कळलं. आयरिश लायसन्स तिच्याकडे होतं. प्रतापकडे ते नव्हतं. तो टॅलातच राहायचा, नेटवर्क इंजिनिअर होता, आणि डबे उचलायला आला होता. म्हणून दोघांची जोडी लागली.

त्यांना शिकवलं बर्नीनं. हॉलचं सगळं बघणारी, साठीच्या पुढची, ठणठणीत बाई. तिनं अर्धं आयुष्य पावाची व्हॅन चालवली होती.

"हिला मागे काच नाही," बर्नी म्हणाली, "म्हणजे तुझ्या पाठीला डोळे नाहीत. हे बाजूचे दोन आरसे तेवढे तुझे. निघायच्या आधी लावून घे, निघाल्यावर नाही."

मग दारं. उतरताना आधी आरशात बघायचं आणि उजवं दार डाव्या हातानं उघडायचं, म्हणजे खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. बाजूचं सरकतं दार शेवटपर्यंत ओढून कट् आवाज ऐकायचा. नाहीतर उतारावर ते आपल्या मनानं येतं आणि बोटं घेऊन जातं. दोन मिनिटांसाठी उतरलात तरी कुलूप, आणि किल्ली खिशात. मागे घेताना एकानं उतरून मागच्या कोपऱ्याशी उभं राहायचं, पण आरशात दिसेल असं. तो दिसेनासा झाला, की थांबायचं. जिथल्या तिथे.

"आणि तुम्ही दोघं वेगवेगळ्या घरचे. मधली सीट रिकामी, दोन्ही काचा खाली. पाऊस असो नाहीतर वादळ. कळलं? ग्रँड!" बर्नीला सगळंच 'ग्रँड' असायचं, म्हणजे मस्त, ठीक, चालेल.

अशी त्यांची फेरी सुरू झाली. मंगळवार आणि शनिवार. डब्लिनचा वारा एका खिडकीतून शिरायचा, दुसरीतून निघायचा, आणि जाताना निम्मी वाक्यं घेऊन जायचा.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, गाडी छान चालवतेस!"

"काय?"

"गाडी छान — जाऊ दे! चढेल तुला!"

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्याच्या डाव्या बाहीवर पाऊस, तिच्या उजव्या बाहीवर पाऊस, आणि मधल्या सीटवर थर्मास. ती त्याला पाटवडी रश्श्याचं वर्णन करून जळवायची. तो भडंगाची पुडी मधल्या सीटवर ठेवून म्हणायचा, "आईनं पाठवलेली शेवटची. निम्मी तुझी. पण अंतर राखून खा."

डबे मात्र दारात ठेवून, बेल वाजवून, सहा पावलं मागे यायचं. नोएल नावाचे एक आजोबा होते, एका अरुंद गल्लीच्या टोकाला एकटे राहायचे. ते खिडकीच्या आतून टोपी काढून लवून नमस्कार करायचे. एकदा त्यांनी काचेआडून ओरडून विचारलं, "लग्न झालंय का तुमचं?"

"नाही, नाही!" दोघंही एकदम ओरडले.

"मग कसली वाट बघताय?"

परतताना दोन सिग्नल गेल्यावर प्रताप खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हातारा फार आगाऊ आहे."

"फारच," भार्गवी म्हणाली. तिचे कान मात्र लाल झाले होते... थंडीनं असतील.

उन्हाळा आला, काही नियम सैल झाले. एका शनिवारी ते फेरी संपवून डोंगराच्या बाजूला गेले, व्हॅनचं सरकतं दार उघडून त्याच्या पायरीवर दोन टोकांना बसले. मास्क काढले. खाली सगळं डब्लिन पसरलेलं, लांब समुद्राची करडी पट्टी. त्याच्या हनुवटीवर बारीकशी खूण होती. लहानपणी कृष्णेच्या घाटावर पडला होता म्हणे. तिला ती खूण बोटानं चाचपून बघावीशी वाटली. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"...नको. उतरताना विचारीन."

उतरताना त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही आठवण करून दिली नाही. तिला वाटलं, घाई कुठे आहे? अजून किती मंगळवार आहेत.

शरद आला, पुन्हा सगळं बंद झालं. ख्रिसमसनंतर तर फारच वाईट दिवस आले. रोज रेडिओवर आकडे, रोज ॲम्ब्युलन्स. त्या दिवसांत आठवड्याचं खरं हसणं त्या व्हॅनमध्येच व्हायचं.

फेब्रुवारीतला एक शनिवार. निघतानाच प्रताप म्हणाला, "आज शेवटचा डबा दिला की मला तुला काहीतरी विचारायचंय. आज नक्की. डोंगरावरची गोष्ट."

"वारा घेऊन जाईल."

"मग काच वर करीन," तो म्हणाला. "बर्नीला सांगू नकोस."

सगळ्या फेरीभर भार्गवी उरलेले डबे मोजत होती. शेवटचा डबा नोएल आजोबांचा होता. गल्लीत व्हॅन वळायला जागा नव्हती, उलटंच बाहेर पडावं लागायचं. प्रताप नेहमीसारखा उतरला, मागच्या कोपऱ्याशी गेला. आरशात त्याचा हात दिसला — ये, ये. तिनं रिव्हर्स टाकला. व्हॅन हळूहळू मागे सरकू लागली.

आणि भार्गवीनं डोक्यावरची, ऊन अडवायची झडप खाली ओढली. झडपेच्या मागे एक लहानसा आरसा होता. त्यात तिनं आपला चेहरा बघितला. काजळ विस्कटलंय का? केस? आता पाचच मिनिटांत तो विचारणार होता... तेवढंच. एक क्षण.

धप्प आवाज आला. मग दारात आलेल्या आजोबांची किंकाळी.

तिनं करकचून ब्रेक दाबला. खाली उडी मारली. आरसा नाही, डावा हात नाही, बर्नीनं शिकवलेलं काही नाही. मागे प्रताप रस्त्यावर पडला होता. आजोबांची टोपी वाऱ्यानं उडाली होती, ती उचलायला तो वाकला होता. व्हॅननं त्याला खांद्याला ढकललं होतं. चाक त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबलं होतं.

"काही नाही, काही नाही," तो उठत म्हणाला. तळहात सोलवटला होता, पँट गुडघ्याला फाटली होती. "ठीक आहे मी. खरंच."

भार्गवीला त्याला घट्ट मिठी मारायची होती. तिला म्हणायचं होतं, तुला काही झालं असतं तर मी जगले नसते. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मरायचंय का तुला? काय करून राहिला होतास मागे? अक्कल आहे का? जिथे दिसत नाही तिथे वाकायचं नसतं, दहा वेळा सांगितलंय बर्नीनं! मला नाही चालवायची गाडी तुझ्यासोबत. नको मला तू. नको!"

तो तिच्याकडे बघत राहिला. हातात आजोबांची टोपी. पाऊस त्याच्या केसांवरून खाली गळत होता.

"चूक माझीच आहे," तो हळूच म्हणाला. "सॉरी."

त्या क्षणी तिनं बोलायला हवं होतं. दोनच शब्द — नाही, माझी. पण ती रडत गाडीत बसली आणि तो मागच्या कोपऱ्याशी जाऊन पुन्हा हात दाखवू लागला. ये, ये. परतीच्या वाटेवर दोन्ही काचा खाली होत्या, आणि वाऱ्याला न्यायला एक शब्द नव्हता.

हॉलवर त्यानंच बर्नीला सांगितलं. मीच वाकलो, भार्गवीची काही चूक नाही. पुढच्या मंगळवारी तो दुसऱ्या फेरीवर गेला. भार्गवीसोबत एक निवृत्त शिक्षिका आल्या, फार चांगल्या होत्या. भार्गवी दर वेळी दोन्ही आरसे पुन्हा पुन्हा बघायची, आणि ती झडप तिनं चिकटपट्टी लावून बंद करून टाकली.

तिनं त्याला मेसेज लिहिले. पुसले. पुन्हा लिहिले. इतरांच्या चुका शोधून पगार घेणारी बाई, आणि स्वतःची एक चूक कबूल करता येईना! तोही बोलला नाही. आवारात भेटला की मान हलवायचा, तळहात खिशात घालायचा.

एप्रिलच्या शेवटी बर्नीनं सांगितलं, प्रताप भारतात गेला. वडिलांना कोविड झाला होता, विमान मिळायला चार दिवस लागले. पोचला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

भार्गवीनं लिहिलं, "बाबांचं कळलं. फार वाईट वाटलं. आईची काळजी घे." त्याचं उत्तर आलं, "हो. थँक यू." तिनं ते उत्तर किती वेळा वाचलं असेल, देव जाणे.

सप्टेंबरमध्ये तिचा फोन वाजला. तो होता. "घर रिकामं करायला आलोय, रविवारी परत. भेटशील?"

सँडीफोर्डच्या ट्रॅम स्टॉपजवळच्या एका कॅफेत ते बसले. लसीचं सर्टिफिकेट दाखवलं की आत बसता येत होतं आता. दीड वर्षाच्या ओळखीत पहिल्यांदाच ते एका टेबलाशी, समोरासमोर बसले होते. प्रताप वाळला होता. आवाज न चढवता बोलणं दोघांनाही अवघड जात होतं.

"प्रताप, तू काही सांगायच्या आधी मला बोलू दे," भार्गवी म्हणाली. "त्या दिवशी चूक तुझी नव्हती. मी आरशात बघतच नव्हते... म्हणजे बघत होते, पण दुसऱ्याच. स्वतःचा चेहरा बघत होते. तू विचारणार होतास ना, म्हणून. छान दिसावं म्हणून." तिनं कप बाजूला सारला. "आणि तू पडलेला दिसलास तेव्हा मला कळलं, माझा जीव कुठे आहे ते. म्हणून ओरडले. मला 'नको' नव्हतं म्हणायचं रे. अगदी उलटं म्हणायचं होतं."

प्रतापनं कपाच्या कानात बोट अडकवलं, सोडवलं.

"मला वाटलं, मी तुला नकोसा झालोय," तो म्हणाला. "मी विचारणार हे तुला आधीच कळलं, आणि ते टाळायला तू निमित्त शोधलंस. असंच वाटलं मला, बघ."

"मग आता विचार ना."

त्यानं वर बघितलं. त्या नजरेतच तिला उत्तर मिळालं. तरी त्यानं सांगितलं, नीट, एकेक शब्द तोलून.

"बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा आमच्या दारात कुणी येत नव्हतं. सख्खे चुलतेसुद्धा नाहीत. समोरच्या घरातली मृणालिनी आली. शाळेत शिकवते. आईपाशी राहिली, बाबांसाठी बेड शोधत फिरली, स्वतः आजारी पडली. मी विमानतळावर अडकलेलो असताना बाबांच्या कानाला फोन तिनंच लावला..." तो थांबला. "जुलैत आमचं ठरलं. उपकार म्हणून नाही, भार्गवी. ती मला आवडते. तुला खोटं सांगणार नाही."

"नकोच सांगू."

बाहेर ऊन पडलं होतं, सप्टेंबरचं, पातळ. भार्गवीनं रुमाल शोधला, मिळाला नाही. त्यानं टेबलावरचा कागदी नॅपकिन पुढे केला. ती डोळे पुसत हसली.

"कशी आहे? बोलकी आहे का?"

"तुझ्याइतकी नाही."

"बरंय. तुला ऐकू तरी येईल."

स्टॉपपर्यंत ती त्याला सोडायला गेली. फलाटावर दोघं शेजारी उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. आता कुणाचा नियम आड येत नव्हता. तरी लागला मात्र नाही.

ट्रॅम येताना दिसली तेव्हा तो म्हणाला, "आज बोललीस ते बरं केलंस."

"बरं कसलं? आता काय उपयोग त्याचा?"

"आहे," प्रताप म्हणाला. "इतके दिवस मला वाटायचं, त्या गाडीत मी एकटाच होतो."

तो चढला. गर्दीत त्याला खिडकीची जागा मिळाली नाही, म्हणून तो पुन्हा दिसला नाही. भार्गवी पुढची ट्रॅम येईपर्यंत फलाटावर उभी होती. मग तिच्यानंतरचीही आली. शाळा सुटलेली मुलं हसत-खिदळत उतरली, तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत पुढे गेली. एक मुलगी थांबून म्हणाली, "यू ऑलराइट?"

"ग्रँड," भार्गवी म्हणाली, आणि घराच्या रस्त्याला लागली.