छत्तिसावा फोटो

“ऊठ गं बाई. तो ओंडका कापायचाय मला.”

करवत घेऊन उभ्या असलेल्या त्या अनोळखी मुलाकडे बघून मी आणखीनच घट्ट बसले. “आत कुणाचं तरी घर आहे.”

“असं? भाडं देतं का?”

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं... आणि हसलेच.

त्या वर्षी मी नॅरोजिन नावाच्या गावात राहायची आणि सुट्टी मिळाली की नम्बॅटच्या मागे कॅमेरा घेऊन रानात हिंडायची. पाठीवर पांढरे पट्टे, झुबकेदार शेपटी, दिवसाउजेडी वाळवी शोधणारा इवलासा जीव. या पोकळ ओंडक्यात एक मादी शिरताना मी पाहिली होती. पण रान होतं करवतवाल्या त्या मुलाच्या, म्हणजे हॅमिशच्या, वडिलांचं, आणि पुढच्या हिवाळ्याचं सरपण वसंतातच कापून वाळत घालायचं, हा तिथला शिरस्ता.

“बाबांना तोंडी सांगून काही पटत नाही,” हॅमिश म्हणाला. “फोटो दाखव. शनिवारपर्यंत करवत बंद.”

मग तो रोजच येऊ लागला. थर्मासमधून चहा आणायचा, आईने केलेले, खोबऱ्याच्या किसात घोळवलेले लॅमिंग्टन केक आणायचा आणि माझ्या शेजारी पालथा पडून राहायचा.

“हलू नकोस,” मी कुजबुजायची.

“श्वास घेऊ?”

“हळू घे.”

“तू एवढी जवळ असताना हळू कसा घेऊ—?”

मी कॅमेऱ्यात तोंड खुपसायची. गाल तापलेले असायचे.

शुक्रवारी छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता. नवा रोल गावात सोमवारशिवाय मिळणार नव्हता. वाट बघता बघता हॅमिशला झोप लागली. टोपी घसरलेली, पापण्यांवर ऊन... नको, नको म्हणताना माझं बोट बटणावर पडलं.

आणि पाचच मिनिटांनी मादी बाहेर आली. मागून एक, दोन, तीन, चार पिल्लं! उन्हात एकमेकांच्या अंगावर चढू लागली. हॅमिश जागा झाला.

“काढ ना!”

“रोल संपला.”

“आता होता की एक! कशावर घालवलास?”

मी खाली बघितलं. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग घसरलेली टोपी सरळ केली.

“अगं... तोंड उघडं होतं का माझं?”

“थोडंसं.”

हसू तर आलं, पण रात्रभर मला झोप नाही. माझ्या वेड्या मनापायी त्या पिल्लांचं घर जाणार होतं.

शनिवारी हॅमिशचा म्हातारा बाप करवत घेऊन हजर. “फोटो?”

हॅमिशच पुढे झाला. “फोटो नाही. मी पाहिलीत. चार पिल्लं.”

“तू? तुला मेंढ्या मोजताना झोप लागते!”

“सरपण मी लांबून आणीन, बाबा. हिवाळाभर. पण हा ओंडका राहू दे.”

“एवढ्याशा प्राण्यासाठी?”

“त्याच्यासाठी... आणि हिच्यासाठी.”

म्हाताऱ्याने आम्हा दोघांना आळीपाळीने न्याहाळलं आणि करवत ट्रकमध्ये टाकली. “मग हे आधी सांगायचं ना, गाढवा! फोटो कशाला मागितला असता मी?”

अठ्ठावीस वर्षं झाली. म्हातारा गेला, ओंडकाही वाळवीने संपवला. नंतर मी नम्बॅटचे पुष्कळ फोटो काढले. पण स्वयंपाकघरात चुलीशेजारी टांगलाय तो उघड्या तोंडाने झोपलेल्या मुलाचाच. हॅमिश अजून कुरकुरतो, निदान हाक मारून तरी काढायचास.

त्या चार पिल्लांचा फोटो मात्र कुणाकडेच नाही. वसंतातलं पहिलं ऊन पडलं की आम्ही चहा घेऊन तिथे जाऊन बसतो, आणि ती कशी बाहेर आली ते एकमेकांना पुन्हा सांगतो.