बाजूच्या खोलीची वहिवाट

आमच्या घराच्या आणि शेजारच्या भिमाजीच्या भिंतीच्या मधे नऊ फुटांची पट्टी आहे. जागा माझी, उतारा माझ्या नावावर, मोजणी झालेली. मी गणित-विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. तीस वर्षांपूर्वी नेवाशात घर बांधताना खाली दोन गाळे भाड्याने द्यायचे आणि आपण वर राहायचं ही अक्कल माझीच. गेल्या चैत्रात माझी बायको, छबू, जिन्यावरून पडली. नगरला खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती पुणतांब्याला बहिणीकडे आहे. रोज फोनवर एकच म्हणायची, "अहो, मला घरी न्या." श्रावणात मेव्हणीने सुनावलं, "दाजी, लेकीचं बाळंतपण आलंय. दसऱ्याच्या आत खोली रिकामी लागंल."

तिला आता जिना चढणं शक्य नव्हतं आणि खालचे गाळे भाडेकरूंकडे होते, म्हणून पट्टीत एक खोली काढायची ठरवली. नकाशा आणि परवानगीचं काम आदिनाथ नावाच्या खाजगी इंजिनिअरला दिलं. शेजाऱ्याची ना-हरकत मात्र मलाच आणायची होती. भिमाजीने मला 'बसा'ही म्हटलं नाही.

"सही न्हाई मिळायची, गुरुजी."

"कारण?"

"तिथं बाई राहती. तिला कुठं घालवता?"

"कोणती बाई?"

"रोज सकाळी सडा घालती ती. तुमी वरून बघताय की."

पट्टीत रोज सकाळी शेणाचा ओला सडा असायचा, हे खरं. पण तो भिमाजीच घालतो याबद्दल मला शंका नव्हती. आधी सडा घालायचा, मग तुळस आणून ठेवायची, मग जागा आमच्या वहिवाटीची म्हणायचं. ही रीत मी गावोगावी पाहिली आहे. मी चिडून म्हणालो, "शेण कालवायला जड जात नाही, सही करायलाच हात दुखतो काय रे? बायको जाऊन दहा वर्षं झाली तुझी. आता तिच्या नावाने जागा खातोस?" त्याने माझ्या तोंडावर दार लावलं. बोललो ते वाईटच होतं. पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

आठवड्याने आदिनाथ नकाशा घेऊन आला. पट्टीत खोली दाखवली होती, पण जुन्या बांधकामाच्या काळ्या रेघांनी. नवीन बांधकाम लाल रंगात दाखवतात, एवढं मलाही कळतं.

"हे काय? तिथे मोकळी जागा आहे."

"सर, मी आत बसून मापं घेतलीत," तो वैतागून म्हणाला. "दहा बाय नऊ. पूर्वेला खिडकी. तुमच्याकडच्या बाईंनी चहा दिला. तुम्ही जागेवर नव्हतात, त्याला मी काय करू?"

मी त्याला ओढतच खाली नेलं. पट्टीत मोडकी सायकल, चार विटा आणि सकाळचा सडा. आदिनाथ बराच वेळ बघत राहिला. मग त्याने रुमालाने तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, खरं सांगू का? नवीन खोलीला परवानगी मिळणारच नाही. बाजूला सोडायचं अंतर उरत नाही, वर शेजाऱ्याची हरकत. जुनी आहे म्हणा, नियमित करून घेऊ. प्रतिज्ञापत्र लागेल. कोणीतरी राहतंय असं लिहिलं तर वहिवाट सिद्ध होते."

मी आयुष्यात खोटी हजेरीसुद्धा लावली नव्हती. पण दसरा तोंडावर होता. 'सदर खोली तीस वर्षांपासून असून तीत एक स्त्री माझ्या संमतीने कायम राहते,' या वाक्याखाली मी सही केली. तिचं नाव आदिनाथने लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही.

कागद मंजूर झाला. पाया खणताना गवंड्याने मला हाक मारली. दीड फुटाखाली सारवलेली जमीन लागली होती. हात लावला तर सारवण ओलं होतं. पाण्याची लाईन गळत असेल, असं मी त्याला सांगितलं. गवंड्याने हिशेब मागितला आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. दुसरा आणला. नवरात्रात खोली उभी राहिली. पलंग, कमोड, धरायला दांडे, सगळं हिच्यासाठी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ही घरी आली, पलंगावर टेकली आणि रडली. मलाही भरून आलं.

चौथ्या दिवशी ही म्हणाली, "ताटात दोन भाकरी जास्त वाढा."

पुढच्या आठवड्यात तिने दाराला आतून कडी घालायला सुरुवात केली. मी ओरडलो. पडलीस तर कोण उचलणार? आतून ती शांतपणे म्हणाली, "त्यांना उघडं दार आवडत न्हाई."

"कोणाला?"

"तुमीच ठेवून घेतलंय ना? लिहून दिलंय म्हनं."

प्रतिज्ञापत्राबद्दल मी हिला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी भिमाजीच्या दारात गेलो. माफी मागितली. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आधी ती उघड्यावर हुती, गुरुजी," तो म्हणाला. "आता तिला घर झालं." आणि दार लावलं.

काल दुपारी हिला आणायला गेलो. कसंही करून वर न्यायची, उचलून न्यायची, असं ठरवूनच गेलो.

दार ठोठावलं.

"कोन? गुरुजी का?"

चाळीस वर्षांत हिने मला 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही.

"छबू, दार उघड."

"हळू बोला. त्या आत्ताच झोपल्यात."

मी खिडकीशी गेलो. गज धरून आत पाहिलं.

पलंग रिकामा होता. चादरीवर सुरकुती नव्हती.

ही जमिनीवर बसली होती, मांडी घालून, नव्या खुब्यावर सगळा भार टाकून. घामाने थबथबलेली. दोन्ही हातांनी ती कुणाचे तरी पाय चेपत होती. हात गादीच्या वीतभर वर, हवेतच.

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काही त्या नजरेत नव्हतं. हात थांबले नाहीत.

"खिडकी लावा, गुरुजी. त्यांना वारा सोसत न्हाई."

मी खिडकी लावली.