नवसाचे रावस

रेवदंड्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभी राहून आरोही अशी काही ओरडली, की जाळं फेकायला निघालेला प्रणय होडीतच धपकन बसला.

"टाकू नकोस! माझी पिल्लं आहेत तिथे!"

"तुमची... पिल्लं?"

तिने ओंजळ पुढे केली. बोटाएवढा रावस, पाठीला पिवळा दोरा, दोऱ्यावर नंबर. "रावस कमी होत चाललेत. खाडीतली पिल्लं दर्यात कुठवर जातात, जगतात का, ते शोधतेय. मोठा होऊन जाळ्यात आला, की मला फोन करायचा."

"फोन तुमीच उचलनार ना? मंग करीन की... रोज!" असा गोड हसला मेला!

नारळी पौर्णिमेला होड्या दर्यात गेल्या. प्रणयचे फोन रोज यायचे— वाऱ्याचे, चंद्राचे, आईच्या कालवणाचे. रावसाचा मात्र एकही नाही, कुणाचाच नाही. दिवाळी सरली आणि तिच्या संशोधन केंद्राच्या साहेबांनी कळवलं, 'पिल्लं जगली नाहीत. काम बंद करून तळा गावी आपल्या घरी जा.' घरी? आरोही कसली जातेय! ती तडक बंदरावर गेली. प्रणयची आई येसूबाई टोपल्या लावत होती.

"मावशी, पिवळ्या दोऱ्याचा रावस आला का हो कधी?"

"लई आले! पन नवसाचा मासा कोन मारील गो? कुंकू लावून सोडतो आमी."

"नवसाचा? कोण म्हणालं?"

"ह्यो काय, माझाच लेक!"

प्रणय होडीमागे लपू पाहत होता. "तुझी पिल्लं म्हनालीस ना... म्हटलं, कुनी मारू नयेत. आनि फोनवर तुझा आवाज ऐकला, की रावसाचं सांगायचं इसरूनच जायचो."

"अरे गाढवा, मला फोन हवा होता!" तिचे डोळे भरून आले. मग एकदम लखलखले. "थांब... सापडले, म्हणजे जगले! मावशी, सोडले कुठे?"

"कोर्लईला," येसूबाई म्हणाली. "मुरूडच्या पुढं," शेजारच्या होडीतून कुणी ओरडलं. "पार श्रीवर्धनला!" त्याच होडीतल्या हिरामणने मोबाइलच काढला. नवसाचा मासा फोटो काढल्याबिगर सोडतात होय? प्रत्येक फोटोत कुंकू होतं, आणि दोऱ्यावरचा नंबर स्वच्छ दिसत होता.

काम वाचलं! आरोहीने प्रणयकडे रोखून पाहिलं. "आणि नवस काय होता रे?"

"तू... इथंच राहावीस."

"मग तोंडाने सांगायचं की! मला आवडतोस तू, कधीपासून."

तिने पिशवीतून पिवळा दोरा काढला आणि त्याच्या मनगटाला घट्ट बांधला.

येसूबाईने टोपली डोक्यावर घेतली. "बांधलास ना दोरा? मंग ह्याला तेवढा सोडू नको गो!"